अकोल्याचा मे काढलेले सासरे आणि जोशुआ ट्रीचे ऊन

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहतो. घरात आम्ही दोघे, 11 वर्षांचा मुलगा आणि 7 वर्षांची मुलगी. एप्रिलच्या सुरुवातीला अकोल्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. मे अखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेच्या तीन दिवसांच्या सुट्टीत सर्वांनी गाडीने जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात जावे असे ठरत आहे. यजमानांनी सहा हाइक्सची यादी केली आहे आणि रविवारी डेथ व्हॅली हे दुसरे वाळवंटी राष्ट्रीय उद्यानही उरकून घ्यावे असे त्यांना वाटते. सासरे 69 वर्षांचे आहेत, रोज चालतात, रक्तदाबाची गोळी घेतात. उन्हाचा विषय निघाला की म्हणतात, "अकोल्याचा मे काढलेल्या माणसाला ऊन काय शिकवता?" सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या काहीच बोलत नाहीत आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. मी शंका काढली की मीच खोडा घालते आहे असा सूर लागतो. जावे की नाही, आणि गेलो तर कसे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

जरूर जा, मात्र सध्याचा बेत जसाच्या तसा घेऊन जाऊ नका. डेथ व्हॅली यादीतून काढून टाका, सहा हाइक्सच्या जागी एक खरी हाइक आणि तीन-चार छोटे फेरफटके ठेवा, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच हा वेळ खोलीत पडदे ओढून जेवण, झोप आणि पत्ते यांसाठी राखून ठेवा. हे तीन बदल घरात मान्य झाले तर तुमच्या काळजीचे बरेचसे कारण उरत नाही. ते मान्य होणार नसतील, तर सहल फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीवर ढकललेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सासऱ्यांच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण घरातील चर्चा तिथेच अडली आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याच्या फंदात पडू नका. ते तुमच्याच बाजूचे आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो हे खरे, पण त्या महिन्यात अकोलेकर नेमके काय करतो ते पाहा. शेतावरची कामे पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याच्या आत आटोपतात, दुपारी बाजारपेठेत शुकशुकाट असतो, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात, कूलर घरघरत असतो, आणि नाइलाजाने बाहेर पडावे लागलेच तर डोके-कान दुपट्ट्याने घट्ट बांधून आणि तांब्याभर पाणी पिऊनच माणूस उंबरठा ओलांडतो. (खिशातल्या कांद्याचे वैद्यकीय मोल किती, या वादात मी पडत नाही.) विदर्भातील माणूस ऊन सोसतो असे इतरांना वाटते, प्रत्यक्षात तो ते मोठ्या हुशारीने चुकवतो. तेव्हा त्यांना "बाबा, तुम्ही येऊ नका" किंवा "तुम्हाला झेपणार नाही" असे म्हणण्याऐवजी, "बाबा, मे महिन्यात तिकडे बाहेरची कामे तुम्ही किती वाजेपर्यंत उरकत होता? इथलेही वेळापत्रक तुम्हीच लावून द्या," असे विचारावे. जो माणूस स्वतः वेळ ठरवतो तो ती पाळतोही, आणि तुमच्या यजमानांनाही वडिलांनी लावलेले वेळापत्रक बायकोच्या शंकेपेक्षा लवकर पटेल. हे न्याय्य नाही, पण तीन दिवसांच्या सहलीपुरते सोयीचे आहे.

एक गोष्ट मात्र सासऱ्यांना सांगायला हवी, आणि ती त्यांच्या मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी सांगावी. उष्णतेची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते आणि ती सुटली तर काही आठवड्यांतच नाहीशीही होते. एप्रिलच्या सुरुवातीपासून ते समुद्राजवळच्या अर्व्हाइनमध्ये, बावीस-चोवीस अंशांच्या ढगाळ हवेत राहत आहेत. मे अखेरीस वाळवंटात उतरताना त्यांच्यापाशी अकोल्याचा अनुभव असेल, पण अकोल्याचे अंग राहिलेले नसेल. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे शरीरातील पाणी बाहेर टाकतात, तर काहींमुळे उन्हात हृदयाची गती हवी तशी वाढत नाही. गोळीचे नाव सांगून त्यांच्या अकोल्याच्या डॉक्टरांशी आधीच फोनवर बोलून घ्या आणि पाणी व मीठ किती घ्यावे हेही त्यांनाच विचारा. स्वतःहून गोळी बंद करणे किंवा वेळ चुकवणे, यांपैकी काहीही करू नये.

आता उद्यानाविषयी. जोशुआ ट्री 1936 मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले आणि 1994 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. इथे दोन वाळवंटे एकमेकांना भिडतात: पश्चिमेकडील उंच भाग मोहावी वाळवंटाचा आहे आणि पूर्व-दक्षिणेकडील सखल भाग कोलोराडो वाळवंटाचा. ज्या झाडांमुळे उद्यानाला नाव मिळाले ती झाडे आणि ग्रॅनाइटचे ते प्रचंड गोलाकार दगड प्रामुख्याने उंच भागात, सुमारे चार हजार फुटांवर आहेत. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, खाली ट्वेंटीनाइन पाम्स गावात जेवढी उष्णता असेल, त्यापेक्षा उद्यानाच्या मध्यभागी ती सहसा चार-पाच अंशांनी कमी असते. तरीही मे अखेरीस दुपारी ती तिशीच्या पुढेच असते, आणि सावली म्हणाल तर ती फक्त दगडांची. जोशुआच्या झाडाखाली माणूस बसू शकेल एवढी सावली पडत नाही.

आपल्याकडे किल्ल्यावर जाणाऱ्या माणसाच्या मनात एक भरवसा असतो की वर टाके असेल, वाटेत कोणी मावशी ताक किंवा लिंबू सरबत घेऊन बसलेल्या असतील, निदान वाट विचारायला गुराखी तरी भेटेल. हा भरवसा इथे पूर्णपणे सोडून द्यावा लागतो. उद्यानाच्या आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाइलला जवळजवळ कुठेच रेंज नाही, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ केवळ कडेच्या मोजक्या ठिकाणी, म्हणजे पश्चिम प्रवेशद्वार, ट्वेंटीनाइन पाम्स, इंडियन कोव्ह, ब्लॅक रॉक आणि दक्षिणेला कॉटनवुड येथे आहेत. प्रत्यक्ष जिथे हिंडायचे त्या मधल्या भागात पाण्याचा थेंब मिळत नाही. उद्यानाची सूचना माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्याची आहे, आणि उन्हात चालणार असाल तर त्याहून अधिक. सहा माणसे, तीन दिवस, म्हणजे 18 गॅलन. यातील निम्मे पाणी राहत्या ठिकाणी मिळेल असे धरले, तरी गाडीतून उतरताना एकही बाटली रिकामी नसेल आणि डिकीत एक मोठा कॅन शिल्लक असेल, हा नियम मोडू नका. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नाही, कारण घामावाटे मीठ जाते. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, कोकम सरबत, शेंगदाण्याची चिक्की आणि चिवडा यांच्याइतके सोयीचे काही नाही. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि मुलांना तहान लागल्याचे कळतही नाही. म्हणून त्यांना घड्याळ लावून पाणी पाजावे.

राहण्यासाठी तंबूचा विचार सोडून द्या. जागा आगाऊ नोंदवण्याच्या कॅम्पग्राउंडमध्ये या सुट्टीसाठी सहा महिने आधीपासून झुंबड असते, जी थोडी 'प्रथम येईल त्याला' तत्त्वावरची आहेत ती शुक्रवारपूर्वीच भरतात, आणि दुपारच्या विसाव्याशिवाय हा सगळा बेतच उभा राहत नाही. ट्वेंटीनाइन पाम्समध्ये वातानुकूलित खोली आणि छोटे स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. काही जुन्या घरांत एसीऐवजी ओल्या जाळीवर हवा खेळवणारा कूलर असतो. सासरे तो पाहताच ओळखतील आणि कदाचित दुरुस्तही करून देतील. पोळ्या करून न्या, दही तिथे घ्या. दुपारी दही-भाताइतके अंगाला मानवणारे जेवण नाही.

अर्व्हाइनहून एरवी हा दोन-सव्वादोन तासांचा प्रवास आहे, पण सुट्टीच्या शुक्रवारी दुपारी तीन ते सातच्या दरम्यान 91 क्रमांकाच्या रस्त्यावर निघालात तर तो सहज दुप्पट होईल आणि सासूबाईंचे गुडघे गाडीतच आखडतील. घरी लवकर जेवून रात्री आठनंतर निघा. टाकी यूका व्हॅलीत किंवा ट्वेंटीनाइन पाम्समध्ये भरून घ्या, आणि उद्यानाचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. जोशुआ ट्री गावाकडून जाणाऱ्या पश्चिम प्रवेशद्वारावर लाँग वीकेंडला गाड्यांची लांबच लांब रांग लागते. ट्वेंटीनाइन पाम्सचे उत्तर प्रवेशद्वार त्या मानाने मोकळे असते. मुक्काम तिथे ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

रात्री उशिरा पोहोचलेल्या मंडळींना शनिवारी पहाटे उठवू नका. शनिवारची सकाळ आणि दुपार विश्रांतीत जाऊ द्या आणि संध्याकाळी साडेपाचला निघा. कॅप रॉकचा फेरा अर्ध्या मैलाहूनही कमी, सपाट आणि घट्ट जमिनीचा आहे; सासूबाई तो सावकाश पूर्ण करू शकतील, आणि जोशुआची झाडे अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतील. हा वृक्ष युक्काच्या कुळातला आहे, त्याच्या खोडाला वर्षागणिक वलये नसतात, आणि त्याचे परागीभवन एक विशिष्ट पतंगच करतो. मादी एका फुलातून पराग तोंडाशी गोळा करून दुसऱ्या फुलावर नेते, तिथे अंडी घालते आणि पराग जागेवर ठेवते. पुढे तयार होणाऱ्या बियांपैकी काही तिच्या अळ्या खातात, उरलेल्यांतून झाडे होतात. फुलांचा हंगाम मे अखेरपर्यंत सरलेला असेल, पण मुलांना ही देवाणघेवाण सांगण्यासारखी आहे. फांद्यांना लोंबकळू मात्र देऊ नका. तिथून कीज व्ह्यूला जा. 5,185 फुटांवरील या ठिकाणी गाडीतून उतरून डांबरी वाटेने थोडेसे चालले की समोर कोचेला खोरे उलगडते. हवा स्वच्छ असेल तर त्या खोऱ्यातून जाणारी सॅन अँड्रियास भ्रंशरेषा (भूकंप घडवणारी जमिनीतली भेग) आणि दूरवर सॉल्टन समुद्र नावाचे खारे सरोवरही दिसते. सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास होईल आणि त्यानंतर वारा सुटतो, तेव्हा सासूबाईंची शाल गाडीत विसरू नका.

तिथून लगेच परतू नये. जोशुआ ट्रीला 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, आणि साडेनऊनंतर ते का, हे कळते. मे अखेरीस सप्तर्षी डोक्यावर उत्तरेकडे असतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती आणि त्याहीपुढे चित्रा सापडते, आणि आग्नेयेला वृश्चिक वर येताना तांबूस ज्येष्ठा दिसते. नातवंडांना हे दाखवण्याचे काम आजोबांकडे सोपवा. त्यांच्या पिढीला ही नक्षत्रे पाठ असतात आणि अर्व्हाइनच्या दिव्यांत ती दिसत नाहीत.

रविवार हा खऱ्या हाइकचा दिवस. रायन माउंटनची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची असून चढ सुमारे 1,050 फुटांचा आहे. नरनाळा किल्ला चढलेल्या माणसाला त्याचे अप्रूप वाटणार नाही, पण वाटेवर सावलीचा मागमूस नाही, म्हणून साडेपाचला पायथ्याशी असणे आवश्यक आहे. यजमान, सासरे आणि मुलगा यांनी जावे, आणि निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे की साडेसात वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग शिखर पन्नास पावलांवर का असेना. तुम्ही, सासूबाई आणि मुलगी यांनी तोवर हिडन व्हॅलीत जावे. एक मैलाची ही वाटोळी वाट दगडांच्या भिंतींनी वेढलेली आहे, त्यामुळे सकाळी तिथे बऱ्यापैकी सावली असते. काही ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंनी काठी घ्यावी आणि जिथे नको वाटेल तिथे बसावे.

दोन गट झाले की गाडी एक आणि फोन बंद, हा पेच उभा राहतो. म्हणून वेळ कागदावर लिहून ठेवा: रायन माउंटनची मंडळी नऊपर्यंत खाली आली नाहीत तर तुम्ही थांबून राहायचे नाही. हिडन व्हॅलीजवळच इंटरसेक्शन रॉकच्या पार्किंगमध्ये आपत्कालीन फोन आहे. तिथे जाऊन कळवायचे. डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर, ही थांबून सावलीत बसण्याची आणि घोट-घोट पाणी घेण्याची लक्षणे आहेत. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा त्याला दिशा कळेनाशी झाली, तर तो उष्माघात समजावा, कपडे पाण्याने भिजवून वारा घालत राहावे आणि मदत बोलवावी. अशा वेळी "मला काही झालेले नाही" हे वाक्य ग्राह्य धरू नये; ते बहुधा सासऱ्यांच्याच तोंडी येईल. त्यांच्या प्रवास-विम्यातील आधीपासूनच्या आजाराविषयीचे कलमही निघण्यापूर्वी शांतपणे वाचून घ्या.

मुलांसाठी दोन-तीन ताकिदी. दगडांवर चढणे सोपे असते, उतरणे अवघड. जिथून बसून खाली येता येणार नाही तिथे वर जायचे नाही. फटीत हात घालायचा नाही, कारण या दिवसांत खुळखुळ्या साप तिथे सावली शोधतात. आणि गाडीच्या काचा बंद ठेवा: उन्हाळ्याच्या तोंडावर मधमाश्या पाण्यासाठी इतक्या व्याकुळ असतात की एसीतून ठिबकणारे पाणी, उघडी बाटली, घामाने ओला रुमाल, कशावरही येतात.

डेथ व्हॅलीविषयी थोडक्यात. ट्वेंटीनाइन पाम्सहून डेथ व्हॅलीतले फर्नेस क्रीक एका बाजूला चार तासांच्या आसपास आहे, म्हणजे रविवार गाडीतच संपेल. त्या खोऱ्याचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आहे, मे अखेरीस तिथे चाळीस अंश ही साधी गोष्ट असते, आणि उष्ण महिन्यांत सखल भागात सकाळी दहानंतर चालू नये असे ते उद्यान स्वतःच सांगते. जगातील सर्वोच्च म्हणून नोंदलेले 56.7 अंश सेल्सिअस तापमान 10 जुलै 1913 रोजी तिथेच मोजले गेले. यजमानांना ती पाहायचीच असेल तर फेब्रुवारीत पाहावी. तेव्हा ती जोशुआ ट्रीपेक्षाही सुखावह असते.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या गप्प राहण्याला तुम्ही संमती समजत नाही, हे चांगले आहे. सर्वांसमोर विचारलेत तर "माझे काय, तुम्ही जाल तिथे मी" हेच उत्तर येईल. स्वयंपाकघरात, दोघीच असताना, नेमके प्रश्न विचारा: गाडीत सलग किती वेळ बसवते, पायऱ्या उतरताना त्रास होतो की चढताना, वाटेत लघुशंकेची सोय नसेल म्हणून पाणी कमी पिण्याची सवय आहे का. शेवटचा प्रश्न संकोचाचा वाटला तरी टाळू नका. प्रवासात बायका हे सर्रास करतात आणि वाळवंटात ते धोक्याचे आहे. हिडन व्हॅली, कॅप रॉक आणि रायन माउंटन या तिन्ही ठिकाणी पार्किंगपाशी साधी स्वच्छतागृहे आहेत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. पाणी नसते, म्हणून वाइप्स बरोबर घ्या.

सोमवारी सामान गाडीत टाकून पहाटेच निघा आणि आल्या वाटेने न परतता उद्यानातून दक्षिणेकडे उतरा; तो रस्ता खुला आहे ना, हे आदल्या दिवशी चौकशी केंद्रात विचारून घ्या. वाटेत चोया कॅक्टस गार्डन लागते. पाव मैलाचा सपाट फेरा आहे आणि सूर्योदयाच्या तिरप्या उन्हात तिथला प्रत्येक काटा उजळलेला दिसतो. या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून कपड्याला आणि कातडीला चिकटतात, म्हणून सर्वांनी बंद बूट घालावेत, सासूबाईंनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा, आणि खिशात एक कंगवा ठेवावा. तुकडा बोटांनी न ओढता कंगव्याने उडवून काढतात. पुढे कॉटनवुडला पाणी भरून 10 क्रमांकाच्या महामार्गाला लागा आणि पाम स्प्रिंग्ज गाठा. तिथली एरियल ट्रॅमवे सुमारे दहा मिनिटांत 2,643 फुटांवरून 8,516 फुटांवर नेते, डबा सावकाश गोल फिरत असल्यामुळे सर्वांना सर्व बाजूंचे दिसते, आणि वर पाइनच्या झाडांत गारवा असतो. एकही पायरी न मोजता सासूबाईंना डोंगरमाथा पाहता येईल. वेळ ठरवून मिळणारी तिकिटे आजच काढा, कारण सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी ती मिळत नाहीत. दुपारी बाराच्या आत खाली उतरून घराकडे निघा. त्यानंतर लॉस एंजेलिसकडे परतणाऱ्या गाड्यांनी तो महामार्ग तुंबतो. निघायला उशीर झालाच, तर पाम स्प्रिंग्जमध्येच जेवण करून रात्री आठनंतर निघावे.